हॅलोचं पाकीट

"माझ्या बटणाला कुणी हात लावायचा नाही!"

हॅलोचं हे वाक्य गल्लीतल्या तान्ह्या पोरांनाही पाठ होतं. सुरुवात झाली ती ॲम्प्लिफायरच्या बटणांपासून, आणि तिथवर त्याचं चुकलं नव्हतं. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याला जगात एकच शत्रू असतो: सभेतला तो उत्साही माणूस, जो मागून येऊन आवाज वाढवतो आणि शिट्टी वाजली की पसार होतो. पण बटणं काही ॲम्प्लिफायरलाच असतात असं नाही. मग घरातल्या पंख्याचं बटण हॅलोचं झालं, रेडिओचं झालं, दिव्याचं झालं. पुढे पुढे ज्यांना बटणच नाही त्या गोष्टीही त्याने या कायद्याखाली आणल्या. त्याची उशी, त्याची खुर्ची, त्याची मतं. मतांना तर हात लावायला कुणी जातच नव्हतं, तरी तो राखण करायचा.

हॅलो हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. आयुष्यभर माइकवर पहिला शब्द तो बोलला, दुसऱ्यांच्या भाषणाआधी, दुसऱ्यांच्या सत्काराआधी, दुसऱ्यांच्या लिलावाआधी. हजारो माणसं समोर बसलेली असायची आणि त्यांना सांगायला त्याच्याकडे "हॅलो, हॅलो" एवढंच असायचं. तरी माइक सोडताना त्याची मान अशी ताठ असायची, की वाटावं मुख्य भाषण उरकलं, आता उरलेल्यांनी आपापलं बोलून घ्यावं.

त्याच्या घरात त्याची थोरली बहीण राहायची. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त होऊन आली, म्हणून गाव तिला सिस्टर म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, मुलगी परदेशी. भावाने मोठ्या मनाने तिला मागची खोली दिली. मोठ्या मनाने म्हणजे खोलीतलं त्याचं सामान न हलवता. भिंतीला टेकून छातीएवढे चार काळे स्पीकर, छताला उलटे टांगलेले कर्णे, खिडकीत वायरींची भेंडोळी. उजेडाला आत यायचं तर अंग चोरून यावं लागायचं. सिस्टरची खाट दोन स्पीकरांच्या मधे. अंगावर पांघरूण घेऊन ती पडली की आपण सभेला आलोय आणि वक्ता अजून आलेला नाही, असं तिला वाटायचं. शिवाय, दुरुस्तीला आलेला एखादा ॲम्प्लिफायर रात्रंदिवस गुणगुणत असायचा. तो बंद करायला ती उठली की पलीकडच्या खोलीतून आवाज यायचाच, "ताई, माझ्या बटणाला..."

"नाही लावत रे बाबा," ती म्हणायची. "ऐकते त्याचं गाणं."

जन्मभर वॉर्डात काढलेल्या बाईला एकच इच्छा उरली होती. एक खोली. आतून कडी लागणारी, आणि दिव्याचं बटण आपल्या हाताशी असलेली. तशी खोली तिने बघूनही ठेवली होती. कापडं रंगवणाऱ्या बाईच्या घरावर, जिन्याने वर, एक मोरी, एक खिडकी, खिडकीतून खाली दोऱ्यांवर वाळणारी निळी-पिवळी कापडं. रंगारीण म्हणाली होती, "सिस्टर, तुमच्यासाठी धरून ठेवते. पण तो विमेवालाही मागे लागलाय. त्याला ऑफिस थाटायचंय. अनामत जो आधी देईल, त्याची खोली."

अनामतीचे पैसे मुलगी पाठवणार होती. तिची कंपनी अशी, की पगाराचा एक हिस्सा त्या नव्या नाण्यात द्यायची, जे कुणाला दिसत नाही, वाजत नाही, आणि तरी ज्याचा भाव चढला-उतरला की मोठमोठ्या माणसांचे चेहरे चढतात-उतरतात. आईला पाठवायला तेच सोयीचं, असं मुलगी म्हणाली. फक्त आईकडे ते ठेवायला एक पाकीट हवं. फोनमधलं.

झालं. पाकीट म्हटल्यावर हॅलो पुढे झाला.

मोबाइलवाल्याच्या दुकानात तो सिस्टरला घेऊन गेला. मोबाइलवाल्याला या विषयातलं फार कळत होतं असं नव्हे. पण ज्याच्या दुकानाला काच आहे आणि काचेमागे निळा दिवा आहे, त्याला सगळं कळतं, असं गावाने कधीच ठरवून टाकलं होतं. त्यालाही ते पटलं होतं. व्हिडिओवर मुलगी होती, मागे तिच्या स्वयंपाकघराची भिंत.

"मामा, मी आईच्या फोनवर एका कंपनीचं खातं उघडून ठेवलंय," ती म्हणाली. "तिची कागदपत्रंही दिलीत. साधं आहे. पासवर्ड विसरली तरी ओळख पटवून परत मिळतो. रोजच्या वापराच्या माणसाला तेच बरं."

"म्हणजे चावी कुणाकडे?" हॅलोने विचारलं.

"कंपनीकडे."

हॅलोने मोबाइलवाल्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानेच चोरी केली. "ऐकलंस? पैसे आपले आणि बटण त्यांचं!"

"दुसरं पण असतं," मोबाइलवाला म्हणाला. "पेनड्राइव्हसारखं एक यंत्र येतं. चावी त्याच्यात. इंटरनेटला लागतच नाही, म्हणून चोराचा हात पोचत नाही. ज्यांच्याकडे पुष्कळ आहे ते घेतात."

"त्याला बटणं किती?"

"दोन."

हॅलोचे डोळे चमकले. "आणि यंत्र हरवलं तर?"

"तर बारा शब्द असतात. सुरुवातीला ते पाकीटच देतं. ते शब्द त्याच क्रमाने टाकले की सगळं परत येतं. तिसरा प्रकार फोनमधल्या पाकिटाचा, त्यातही तसंच. चावी आपल्याच फोनमध्ये, आणि बारा शब्द."

"म्हणजे खरी चावी शब्दच," हॅलो म्हणाला, आणि मांडीवर थाप मारली. "मग यंत्राला कशाला पैसे घालू? तिसरं दे. माझ्या फोनवर."

"मामा, फोन आईचा हवा ना?" मुलगी म्हणाली.

"तुझ्या आईच्या फोनचा आवाज ऐकलायस का कधी? डास बरा! आणि ती बाई विसरेल. तिला औषधांची नावं तेवढी पाठ. ती नावं इथे चालणार आहेत का?"

इथे सिस्टरचंही चुकलंच. साऱ्या वॉर्डाला एका नजरेत गप्प करणारी बाई, पण भावाचा आवाज चढला की तिला शाळेतल्यासारखं वाटायचं. पैसे तिचे, लेक तिची, फोन तिच्या पिशवीत, आणि ती काचेतल्या मोबाइलच्या कव्हरांचे रंग बघत बसली.

"कागदावर लिहून दोन जागी ठेवा बरं," मोबाइलवाला म्हणाला. "आणि कुणाला सांगू नका. ज्याला शब्द कळले, पैसे त्याचे."

"कागद!" हॅलो हसला. "कागदाला वाळवी लागते, कागद भिजतो, कागद कुणीही वाचतं." मग तर्जनी कपाळावर आपटून म्हणाला, "इथे ठेवीन. इथे कोण हात घालतो बघू."

तिथे हात घालण्यासारखं काही होतं, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाकीट उघडलं. शब्द पडद्यावर आले तेव्हा त्याने सख्ख्या बहिणीला तोंड भिंतीकडे करून बसवलं, मोबाइलवाल्याला दुकानाबाहेर काढलं, आणि फोन पोटाशी धरून तो वाचत बसला.

आता त्याच्या डोक्याची एक तऱ्हा होती. बसून, ओठ मिटून त्याच्या डोक्यात काही जायचं नाही. शाळेत असताना पाढे त्याला कधी आले नाहीत. ते आले वडिलांच्या जुन्या कर्ण्यातून बोलायला लागल्यावर. गिऱ्हाइकांचे पत्ते, वायरिंगचे रंग, देणग्यांच्या पावत्यांवरची लांबलचक नावं, जे काही त्याने आयुष्यात पाठ केलं, ते माइकवर केलं. आवाज कर्ण्यातून जाऊन, समोरच्या भिंतीवर आपटून, परत त्याच्या कानात शिरायचा, तेव्हाच त्याला वाटायचं की आता हे आपलं झालं.

आणि दुसरं त्याला पक्कं ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं तो समजायचा: माइक तपासताना माणूस काय बोलतो ते कुणीही ऐकत नाही. लोक खुर्च्या सरकवत असतात, एकमेकांच्या जागा पकडत असतात. त्या गोंगाटात जगातलं कुठलंही गुपित सांगावं, त्याला कुलपाची गरज नाही.

तेव्हा नव्या बाजारपेठेच्या उद्घाटनाला, मंडपाच्या चारी खांबांवर कर्णे बांधून झाल्यावर, हॅलोने माइकवर फुंकर मारली, आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"हॅलो. हॅलो. मँगो, लॅडर, डाँकी, किचन. लेमन, विंडो, टायगर, स्पून. कॅमेरा, अंब्रेला, पेन्सिल, झेब्रा. हॅलो."

लोक हसले. त्याला वाटलं, आवाज चांगला लागला.

शाळेच्या बक्षीस समारंभात तेच. रक्तदान शिबिरात तेच. जुन्या गाड्यांच्या लिलावात तेच. महिन्यामागून महिने कर्ण्यातून आंबा, शिडी, गाढव असा सगळा सरंजाम गावावर कोसळत राहिला, आणि गावाने तो हळूहळू उचलला. चहाच्या टपरीवर कुणी गाढवपणा केला की लोक म्हणायचे, "लॅडरच्या पुढचा दिसतोय." गल्लीतल्या मुली गोल करून कुणावर राज्य हे ठरवताना हेच म्हणायच्या. जिच्यावर झेब्रा येई, ती सुटे. स्वतः सिस्टर भांडी पुसताना तोंडातल्या तोंडात म्हणायची, लेमन, विंडो, टायगर, स्पून. चमचे पुसायला तिला ते बरं पडायचं. आपण कशाला ताल धरतोय हे तिला कळलं नाही. बारा शब्द म्हणजे काहीतरी मोठे, तिजोरीला शोभणारे शब्द असतील अशी तिची कल्पना. गाढव आणि लिंबू आपल्या खोलीची राखण करत असतील हे कुणाच्या डोक्यात येणार?

पैसे मात्र येत होते. मुलगी पाठवायची, हॅलो पाकीट उघडून दुरून दाखवायचा, आणि परत खिशात घालायचा. अनामतीपुरते जमले तेव्हा सिस्टर म्हणाली, "आता काढून दे."

"थांब अजून. भाव चढतोय."

"मला भाव नको, खोली हवीय."

"ताई, माझ्या बटणाला..."

"पैसे माझे आहेत!"

"तुझेच आहेत. म्हणून तर सांभाळतोय."

असं करता करता रंगारणीचा निरोप आला. विमेवाला आज संध्याकाळी अनामत घेऊन येतोय. त्याच्या आधी सिस्टर येणार असेल तर तिने यावं.

त्या दिवशी हॅलो पाण्याच्या टाकीवर कर्णा बांधत होता. सिस्टर खाली जाऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली. नेहमीसारखी नाही, वॉर्डातली. हॅलो टाकीच्या तोंडावरून खाली वाकला, "काय गं?" म्हणाला, आणि त्याच्या वरच्या खिशातून फोन निघून टाकीत गेला. डुबुक असा एवढासा आवाज झाला. आयुष्यभर मोठमोठे आवाज काढलेल्या माणसाच्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगाला एवढासा आवाज.

"घाबरू नकोस," तो वरून म्हणाला. "शब्द इथे आहेत."

दोघं मोबाइलवाल्याकडे आले. दुकानात तेव्हा अंडेवाली होती, फोनची काच बदलायला आलेली, आणि बाकावर, जगाची रीतच अशी, विमेवाला बसला होता. संध्याकाळी अनामत भरायची म्हणून त्याने नवा शर्ट घातला होता. सिस्टरचा पडलेला चेहरा बघून तो सरकून बसला. तेवढी सभ्यता त्याच्याकडे होती, ती फुकट असते.

"सिस्टरच्या फोनवर पाकीट घेतलं," मोबाइलवाला म्हणाला. "आता शब्द सांगा. कानात सांगा."

हॅलो त्याच्या कानाशी वाकला. "मँगो," तो कुजबुजला. "लॅडर. डाँकी. किचन. लेमन. विंडो..."

आणि थांबला.

"पुढे?"

"विंडो..." त्याने डोळे मिटले. "विंडो. अरे, एक मिनिट. विंडो..." कुजबुजायची त्याला सवयच नव्हती. हा आवाज कुठे आपटत नव्हता, परत येत नव्हता. "माइक आहे का रे तुझ्याकडे?"

"माइक?"

"छोटा असला तरी चालेल."

"पाकिटाचे शब्द सांगायला माइक?"

हॅलो सरळ उभा राहिला, मूठ तोंडाशी धरली, आणि भर दुकानात मोठ्याने सुरू झाला, "हॅलो, हॅलो, मँगो, लॅडर, डाँकी, किचन, लेमन, विंडो..."

"टायगर, स्पून," अंडेवाली म्हणाली. तिने वर बघितलंही नाही, ती फुटक्या काचेवरून बोट फिरवत होती. "मग कॅमेरा, अंब्रेला, पेन्सिल, झेब्रा. काय हो, एवढं रोज बोलता आणि आजच विसरलात?"

मोबाइलवाल्याने अंडेवालीकडे पाहिलं, मग हॅलोकडे.

सिस्टरच्या हातातली पिशवी खाली आली. "हे?" ती म्हणाली. "हे? हे माझ्या पैशाचं कुलूप?"

"ताई, ऐक..."

"गल्लीतल्या पोरी खेळतात हे! मी चमचे पुसते या चालीवर! मला तोंड भिंतीकडे करून बसवलंस, आणि साऱ्या गावाला मांडवात बसवून सांगितलंस?"

"तपासताना कुणी ऐकत नाही, ताई. हा धंद्यातला अनुभव आहे."

"अनुभव!" सिस्टर म्हणाली. "अनुभव म्हणे! बहिऱ्यांच्या वॉर्डात ठेवायला हवं होतं तुला, तिथे तरी गुपित राहिलं असतं."

तेवढ्यात बाकावरून एक गोड आवाज आला. "हे पाकीट कुठल्या नावाचं म्हणालात? सहजच विचारतो." विमेवाल्याच्या मांडीवर त्याचा फोन आला होता. अंगठा तयार होता.

आणि हॅलोने, देवाने ज्याला माहिती देण्यासाठीच तोंड दिलं होतं त्या हॅलोने, छाती फुगवून सांगायला तोंड उघडलंही. सिस्टरने त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. जन्मभर ओरडणाऱ्या रोग्यांवर ठेवलेला तळहात तो. पक्का बसला.

"तुम्ही विम्याचं बघा," ती विमेवाल्याला म्हणाली. "नाकावरच्या चष्म्याचा उतरवा. इथून पुढे वाकलात तर फुटेल तो." मग मोबाइलवाल्याकडे वळली. "टाक तू शब्द. लवकर."

मोबाइलवाल्याची बोटं चालली. अंडेवाली आता खरोखरच मन लावून एकेक शब्द पुरवायला लागली, आपण काय उघडतोय हे तिला अजूनही नीट कळलं नव्हतं. पाकीट उघडलं. सगळे पैसे होते, जसेच्या तसे. साऱ्या गावाच्या तोंडात चावी होती आणि एकालाही दार कुठे आहे याचा पत्ता नव्हता. हॅलोची सुरक्षा म्हणायची ती एवढीच, की त्याच्या बोलण्यातून काही मोलाचं निघेल अशी कुणाला शंकाच आली नाही.

"आता आधी हलवा," मोबाइलवाला हळूच म्हणाला. "कंपनीच्या खात्यात. तुमच्या मुलीने उघडलंय त्यात."

"चावी त्यांच्याकडे जाईल!" हॅलो तळहाताखालून म्हणाला. ते "मम्मी म्मम्म" असं काहीतरी ऐकू आलं.

"जाऊ दे," सिस्टर म्हणाली. "त्यांच्याकडे कर्णे नाहीत."

पैसे निघाले. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. पोचायला थोडा वेळ लागतो, मोबाइलवाला म्हणाला. विमेवाला फोनमध्ये पाकिटांची नावं चाळत होता. वीसेक होती, आणि सगळ्यांची चित्रं सारखीच. चक्र फिरत राहिलं. सिस्टर त्याच्याकडे बघत होती, जशी ती एकेकाळी सलाइनच्या थेंबाकडे बघायची. मग चक्र थांबलं. बरोबरची हिरवी खूण आली.

सिस्टरने भावाच्या तोंडावरचा हात काढला, पदराला पुसला, आणि विमेवाल्याला म्हणाली, "आता विचारा नाव. सांगेल तो."

त्याने विचारलं नाही. तो उठला आणि नव्या शर्टासकट जरा घाईने रंगारणीच्या दिशेने चालू लागला. पण मोबाइलवाल्याने कंपनीच्या खात्यातली नाणी तिथल्या तिथे मोडून दिली होती, आणि त्यांचे पैसे सिस्टरच्या बँकेतून रंगारणीच्या फोनवर पोचले होते. विमेवाला जिना चढला तेव्हा रंगारीण वरच्या दाराला टेकून निळ्या हातांनी सुपारी कातरत होती. "उशीर झाला हो," ती म्हणाली. "सिस्टरची झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलोने स्पीकर वाहायच्या हातगाडीवर बहिणीची ट्रंक आणि खाट आणून दिली. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही, हे लिहून ठेवण्यासारखं. ट्रंक वर चढवली, खाट खिडकीशी लावली. मग सवयीने दाराजवळच्या दिव्याच्या बटणाकडे त्याचा हात गेला, लागतो का बघायला.

सिस्टर नुसती त्याच्याकडे बघत राहिली. हात अर्ध्या वाटेतच थांबला. त्याने तो मागे घेतला, बोटाकडे पाहिलं, आणि खिशात घातला.

"येतो," तो म्हणाला.

"ये. आणि जेवायला येत जा. ओरडायचं नाही."

खाली गल्लीत मुलींनी गोल धरला होता. रिकामी हातगाडी ढकलत हॅलो त्यांच्या बाजूने निघाला. त्याला बघताच त्यांना चेव आला. "मँगो, लॅडर, डाँकी, किचन!" तो मान खाली घालून पुढे गेला. "लेमन, विंडो, टायगर, कॅमेरा..."

हातगाडी थांबली. हॅलो वळला. "आधी स्पून!" तो भिंती हादरतील अशा आवाजात म्हणाला. "टायगर, स्पून, मग कॅमेरा! नीट पाठ करा!"

आणि मान ताठ करून, त्या रिकाम्या पाकिटाची चावी कशी बरोबर लागली या समाधानात, तो दोऱ्यांवरच्या ओल्या निळ्या कापडांखालून वाकत निघून गेला. जिन्यात रंगारीण तोंडाला पदर लावून हसत होती. वर सिस्टरने खिडकी अर्धी लोटली, आणि उरलेल्या अर्ध्यातून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.